नाडी आणि नोंद : डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या कार्यापासून घ्यावयाचा धडा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसंख्या, शस्त्रक्रियांचा तपशील आणि दात्यांची नामावली असावी, ही वाचकांची अपेक्षा रास्तच आहे. त्या पानांच्या जोडीला एखादा अभ्यासलेख देण्याची प्रथा आम्ही पाळत आलो आहोत. आपण दिलेल्या पैशातून खाटा, उपकरणे व औषधे उभी राहतात ती डोळ्यांना दिसतात. परंतु त्यामागे जे ज्ञान लागते ते कोठून येते आणि कसे जपावे लागते, हे दाते, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय या सर्वांपुढे वेळोवेळी मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

यंदाच्या लेखास एक निमित्त घडले. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले, की तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयाने केसपेपर जपणे, रुग्ण घरी गेल्यावर त्याचा पाठपुरावा करणे, मृत्यूंचा आढावा घेणे, अशा कामांवर पैसा का खर्चावा? संशोधन हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांचे काम. येथे तो पैसा गरिबाच्या औषधालाच का जाऊ नये? प्रश्न कळकळीचा होता. सभेत त्याचे उत्तर आम्हांस नीट देता आले नाही. ते आज या पानांतून, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत आयुष्य वेचलेल्या एका शल्यविशारदाच्या कार्याच्या आधारे देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आमच्याच येथील एक केसपेपर

प्रारंभ आमच्या उणिवेपासून करणे उचित होईल. धडगावकडील पाड्यावरच्या एक तरुण भगिनी डोकेदुखी व धाप यांसाठी बाह्यरुग्ण विभागात आल्या. वय पंचविशीच्या आतबाहेर. उजव्या दंडावर रक्तदाब मोजला, तो बराच जास्त निघाला. गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या भेटीत तसेच घडले. तिसऱ्या भेटीत आमच्या एका तरुण डॉक्टरांनी त्यांच्या पावलावरील नाडी चाचपली, ती लागली नाही. जांघेतील नाडी अगदी क्षीण होती. पोटावर स्टेथोस्कोप ठेवता आत फुत्कारासारखा आवाज ऐकू आला. त्यांना मोठ्या शहरात धाडण्यात आले. तेथील तपासणीत पोटातील महाधमनी अरुंद झाल्याचे आणि एका मूत्रपिंडाची धमनी जवळजवळ बंद पडून ते मूत्रपिंड आक्रसल्याचे आढळले. त्या भगिनी आज औषधोपचारावर आहेत आणि नियमित तपासणीस येतात. त्यांच्या व कुटुंबीयांच्या संमतीने, त्यांची ओळख न देता, हा वृत्तान्त येथे दिला आहे.

पहिल्याच भेटीत पायाची नाडी पाहिली असती तर ते मूत्रपिंड वाचलेच असते, असे आम्ही खात्रीने म्हणू शकत नाही. परंतु हातचे काही महिने वाचले असते, हे निश्चित. आमच्या केसपेपरवर रक्तदाबासाठी एकच रकाना होता आणि पायाच्या नाडीसाठी एकही नव्हता. जे लिहावयाचे नसते ते पाहिलेही जात नाही, हा अनुभव आम्हांस या निमित्ताने आला.

या भगिनींना जडलेल्या आजारास भारतात पुष्कळ काळ 'नॉनस्पेसिफिक एओर्टो-आर्टरायटिस', म्हणजे महाधमनी व तिच्या शाखांचा अनिश्चित कारणाचा दाह, असे म्हटले जात आले आहे. जगात तो ताकायासु या नावाने ओळखला जातो. मिकितो ताकायासु हे जपानी नेत्रतज्ज्ञ होते. १९०८ साली त्यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांच्या पडद्यावर दिसलेल्या रक्तवाहिन्यांच्या चमत्कारिक जाळ्याचे वर्णन केले. तशाच अन्य रुग्णांच्या मनगटाची नाडी लागत नाही, हे त्यांच्या सहव्यवसायींनी निदर्शनास आणले, आणि पुढे 'नाडीहीन आजार' असेही नाव रूढ झाले. मात्र हा आजार भारतीय रुग्णांत कोणते रूप घेतो, याचा पद्धतशीर अभ्यास ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत मुंबईतील परळ येथील महानगरपालिकेचे के. ई. एम. रुग्णालय अग्रभागी होते. त्या अभ्यासाचे प्रमुख होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

परळ, फिलाडेल्फिया आणि पुन्हा परळ

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्ता येथे झाला. त्यांची कर्मभूमी मात्र मुंबई ठरली. शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय या संस्था १९२६ साली सुरू झाल्या. महाविद्यालयासाठी मिळालेल्या मूळ देणगीस एक अट होती : अध्यापक भारतीयच असावेत आणि ते सरकारी नोकरीतील नसावेत. परकीय राजवटीत, उच्च वैद्यकीय पदे बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असताना, दात्यांनी घातलेली ही अट किती दूरदृष्टीची होती हे आपणांस सहज उमगेल. एका देणगीतून इमारत उभी राहिली, आणि एका अटीतून भारतीय अध्यापकांची परंपरा उभी राहिली. डॉ. सेन त्याच परंपरेत शिकले आणि त्याच संस्थेत शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे उच्च अध्ययनासाठी गेले. तो काळ रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मोठ्या घडामोडींचा होता. रक्तवाहिन्या टाके घालून जोडण्याची पद्धत अलेक्सिस कारेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केली होती व त्याबद्दल त्यांना १९१२ साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते. तथापि तिचा प्रत्यक्ष रुग्णास सर्रास लाभ होण्यास दीर्घ काळ जावा लागला. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोटातील महाधमनीचा फुगलेला भाग काढून त्या जागी मृत दात्याची धमनी बसविली. पुढील काही वर्षांत कापडाच्या कृत्रिम नळ्या आल्या. अमेरिकेतील मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन कापडाची पहिली नळी घरच्या शिवणयंत्रावर शिवली होती, ही हकिकत वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

या घडामोडींचे शिक्षण घेऊन डॉ. सेन परळला परतले. १९५० च्या दशकात हृदयाच्या झडपेवर आणि हृदयाच्या कप्प्यांमधील जन्मजात छिद्रावर शस्त्रक्रिया करणाऱ्या भारतातील पहिल्या शल्यविशारदांत त्यांची गणना होते. ज्या रुग्णांवर हे उपचार झाले ते गिरणगावातील कामगार, कोकणातून व घाटावरून आलेले शेतकरी, त्यांच्या बायका व मुले होती. महानगरपालिकेच्या रुग्णालयात शुल्क देण्याची ऐपत नसलेला माणूस येतो, तसाच तो आपल्याकडेही येतो. म्हणून त्या रुग्णालयाचा इतिहास आम्हांस परका वाटत नाही.

महाधमनीचा मधला भाग

छाती व पोट यांमधून जाणाऱ्या महाधमनीचा मधला भाग आतून अरुंद होत गेल्याने, दंडावर रक्तदाब अतिशय जास्त आणि पायांत नाडी क्षीण, अशी अवस्था झालेले तरुण रुग्ण परळच्या विभागात येत. जपानी वर्णनांत हाताची नाडी नाहीशी झालेली असे. येथे पुष्कळदा हात ठीक आणि पाय दुर्बळ, असे उलटे चित्र होते. १९६२ साली डॉ. सेन व सहकाऱ्यांनी अनिश्चित कारणाने महाधमनी अरुंद करणाऱ्या या दाहावर निबंध प्रसिद्ध केला. १९६३ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये महाधमनीच्या मधल्या भागाच्या विकारसमूहावर त्यांचा दुसरा निबंध आला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर डॉ. सेन यांच्यासह डॉ. सुमन किनारे, डॉ. केळकर आणि डॉ. गुरुकुमार परुळकर यांची नावे आहेत.

ही नावे जवळजवळ असणे अर्थपूर्ण आहे. डॉ. परुळकर हे शल्यविशारद. पुढे ते के. ई. एम.चे अधिष्ठाता झाले आणि १९९८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. डॉ. किनारे या विकृतिशास्त्राच्या, म्हणजे रोगाने शरीरातील ऊतींत काय बदल होतात याच्या अभ्यासक. शस्त्रक्रियेत काढलेला धमनीचा तुकडा आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत दिसलेली महाधमनी यांचे परीक्षण झाल्याखेरीज, बाहेरून लागलेल्या अथवा न लागलेल्या नाडीचा अर्थ पूर्णपणे उलगडत नाही. लहान वयात होणारा महाधमनीदाह आणि क्षयरोग यांचा काही संबंध असावा काय, या प्रश्नाचा वेध घेणारा डॉ. किनारे यांचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. तो संबंध आजही कार्यकारण म्हणून सिद्ध झालेला नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच धमन्यांवर उलटते, असे आज मानले जाते. परंतु क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात हा प्रश्न विचारणे आवश्यकच होते.

या आजारात रक्तदाब का वाढतो, हेही सोप्या शब्दांत सांगावयास हवे. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह घटला की मूत्रपिंडास वाटते, शरीरातच रक्त कमी पडले आहे. ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते आणि त्याच्या परिणामाने सर्व शरीराचा रक्तदाब चढतो. पाटाच्या तोंडाशी दगड अडकला असता शेवटच्या शेतास पाणी पोहोचत नाही, म्हणून शेतकऱ्याने वरचे दार आणखी उघडावे आणि वरच्या शेताचे बांध फुटावेत, तसा हा प्रकार आहे. नुसत्या गोळ्या देत राहिल्याने दगड निघत नाही. इतकेच नव्हे, तर रक्तदाबाची काही औषधे अशा रुग्णात मूत्रपिंडास अपायही करू शकतात. प्रथम दाह शमविणारी औषधे, आणि आवश्यकतेनुसार फुग्याने धमनी रुंद करणे अथवा कृत्रिम नळीचा पर्यायी मार्ग करणे, असे उपचार आज उपलब्ध आहेत. अट एकच : आजार वेळेवर ओळखला गेला पाहिजे.

शंभर प्रयोग आणि तीन तास

डॉ. सेन यांचे नाव सर्वसामान्य वाचकास ठाऊक असते ते मात्र अन्य कारणाने. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी के. ई. एम. रुग्णालयात त्यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण झाले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. जगातील ते सहावे आणि आशिया खंडातील पहिले हृदयप्रत्यारोपण होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला; तो रुग्णही फार काळ जगू शकला नाही.

हे वाचून कोणास वाटेल, की प्रसिद्धीच्या ओढीने केलेले हे धाडस असावे. वस्तुस्थिती तशी नव्हती. या गटाने कुत्र्यांवर केलेल्या हृदयप्रत्यारोपणाच्या १०० प्रयोगांचा प्राथमिक अहवाल 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये १९६५ सालीच, म्हणजे बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेपूर्वी दोन वर्षे, प्रसिद्ध झाला होता. तयारी दीर्घ होती. परंतु काळ अनुकूल नव्हता. परक्या अवयवास शरीराने नाकारू नये यासाठी लागणारे सायक्लोस्पोरिन हे परिणामकारक औषध १९८० च्या दशकात व्यवहारात आले. मेंदूचा मृत्यू हा मृत्यू मानण्यास भारतात कायद्याची मान्यता १९९४ च्या अवयवप्रत्यारोपण कायद्याने मिळाली, आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. पहिल्या प्रयत्नापासून यशापर्यंत सव्वीस वर्षे गेली.

याच संदर्भात जपानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये साप्पोरो येथे झालेल्या हृदयप्रत्यारोपणानंतर रुग्ण ८३ दिवस जगला. काळाच्या हिशेबाने हे परळपेक्षा कितीतरी मोठे यश. परंतु दात्याचा मृत्यू कसा व केव्हा निश्चित केला, रुग्णास प्रत्यारोपणाची खरोखर आवश्यकता होती काय, याविषयी शंका उपस्थित झाल्या. तपास झाला, पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही, पण शंकांचे समाधानकारक निरसनही झाले नाही. लोकांचा विश्वास उडाला आणि त्या देशातील पुढील हृदयप्रत्यारोपण थेट १९९९ साली झाले. रुग्ण किती काळ जगला यावर विश्वास टिकला नाही. काय केले, का केले आणि काय घडले, हे उघडपणे दाखविता न आल्याने तो गेला. आपल्या अहवालात मृत्यूंचे आकडेही छापावेत असा आग्रह आम्ही धरतो, तो याच कारणासाठी.

डॉ. सेन यांचा आणखी एक प्रयोग येथे सांगणे आवश्यक आहे. सर्पादी प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूस हृदयाच्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते, या निरीक्षणावरून त्यांना कल्पना सुचली, की मानवी हृदयाच्या धमन्या बंद पडल्यास स्नायूत सूक्ष्म छिद्रे पाडून रक्त पोहोचविता येईल काय? १९६५ साली अमेरिकेतील एका नामांकित नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे अग्रणी ठरलेले डॉ. तेहेमटन उदवाडिया त्याचे सहलेखक होते. पुढील काळात हेच काम सुईऐवजी लेझरने करण्याची पद्धत निघाली व १९९८ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आज ती क्वचितच वापरली जाते. तिचा गुण नेमका कशाने येतो, याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. म्हणजे हीही पूर्ण यशाची कथा नव्हे.

१९६९ साली डॉ. सेन यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले. १९८२ साली त्यांचे निधन झाले.

या जीवनक्रमाचा अर्थ

डॉ. सेन यांच्या कार्याकडे आज पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. ज्या शस्त्रक्रियेने वर्तमानपत्रांचे रकाने भरले तिचा रुग्ण तीन तास जगला. ज्या कामास फारशी प्रसिद्धी मिळाली नाही, म्हणजे १०१ रुग्णांच्या नाड्या, रक्तदाब, छायाचित्रे, शस्त्रक्रिया व मृत्यू यांची चिकाटीने ठेवलेली नोंद, ती अर्धशतकाहून अधिक काळ डॉक्टरांच्या उपयोगी पडत आहे. तरुण भारतीय रुग्णात रक्तदाब जास्त आढळला तर पायाची नाडी पाहावी, हे आमच्या तरुण डॉक्टरांना त्यांच्या शिक्षकांनी शिकविले होते. त्यांच्या शिक्षकांना ते अशाच अभ्यासांतून मिळाले होते. धडगावच्या त्या भगिनींचे निदान ज्या बोटांनी केले, त्या बोटांमागे परळच्या अनेक रुग्णांचे केसपेपर उभे होते.

त्या रुग्णांनी स्वतः किती लाभ घेतला असेल? काहींना शस्त्रक्रियेने दीर्घायुष्य लाभले असेल, काहींना नाही. परंतु जे पुनःपुन्हा तपासणीस आले, आणि ज्यांच्या नातेवाइकांनी दुःखाच्या घडीतही मृत्यूनंतरच्या तपासणीस संमती दिली, तेही देणगीदारच होत. त्यांची नावे कोणत्याही फलकावर कोरलेली नाहीत. रुग्णांचे जे कुटुंबीय हा अहवाल वाचीत असतील त्यांना आम्ही आदरपूर्वक सांगू इच्छितो, की पाठपुराव्यासाठी आपण केलेली एक फेरी ही पुढील रुग्णास दिलेली देणगी असते.

तालुक्याच्या ठिकाणी असे काम होऊ शकते काय? आपल्या राज्यातच याची उदाहरणे आहेत. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यांचे निबंध 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरी काळजी घेऊन बालमृत्यू घटविता येतात, हे १९९९ साली जगापुढे मांडले. दोन्हीकडे कामाचा पाया रुग्णाजवळ राहून, नित्यनेमाने, खरेखुरे लिहिणे हाच होता.

आपल्या परिसरातील रक्तवाहिन्यांचे आजार

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाई नदीकाठच्या आपल्या शहाद्यात महाधमनीदाहाचे रुग्ण थोडेच येतात. पण पायाचा रक्तपुरवठा कमी होण्याचे दुःख नित्याचे आहे आणि त्याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण विडी, सिगारेट व तंबाखू. तरुण पुरुषांच्या हातापायांच्या लहान धमन्या बंद पडून बोटे काळी पडण्याचा जो आजार आहे, त्याचे वर्णन अमेरिकेत लिओ बर्गर यांनी १९०८ सालीच, ताकायासु यांच्या निवेदनाच्याच वर्षी, केले. या आजारात तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच मुख्य उपचार आहे. दिवसाला एक विडी चालू ठेवली तरी आजार पुढे सरकत राहतो. पूर्णपणे सोडली तर पुष्कळदा पाय वाचतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या अथवा शेतात राबणाऱ्या माणसाचा पाय गेला तर त्याच्याबरोबर घरची मजुरी जाते, मुलांची शाळा जाते आणि कर्जाचा डोंगर उभा राहतो, हे आपणांस सांगावयास नको.

दुसरे कारण मधुमेह. त्यात पायाची संवेदना कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि धमन्याही अरुंद होतात. थंड पाय शेकोटीजवळ धरला अथवा गरम पाण्यात घातला, की न कळता भाजतो आणि जखम चिघळते. तिसरे, आपल्या आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल आजार. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्या अडवितात आणि काही रुग्णांच्या घोट्याजवळ न भरणाऱ्या जखमा होतात. वरवर सारख्या दिसणाऱ्या या जखमांची कारणे भिन्न, म्हणून उपचारही भिन्न. नाडी चाचपल्याविना त्यांतील भेद कळत नाही.

कुटुंबीयांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

ठराविक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर ती जाते, हे वयाचे दुखणे नव्हे. धमनी अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. रात्री पाय दुखून जाग येते व पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटते, हे त्याहून गंभीर लक्षण होय. दोन आठवड्यांत न भरणारी पायाची जखम आणि काळे पडू लागलेले बोट यांसाठी मलमपट्टीवर दिवस काढू नयेत.

पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर झाला व असह्य दुखू लागला, तर तो तासांचा प्रश्न असतो. धमनीत अडकलेली गुठळी काढण्याची फुग्याची नळी थॉमस फोगार्टी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून असे असंख्य पाय वाचले. परंतु सुमारे सहा तासांनंतर स्नायू मरू लागतात. अशा पायास चोळू नये, शेकू नये, दोरीने आवळू नये. डोंगरातील पाड्यावरून शहाद्यास, आणि तेथून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरास जाण्यात किती वेळ मोडतो, हे आपण जाणताच. म्हणून उजाडण्याची वाट पाहू नये.

तरुण वयात, विशेषतः तरुण स्त्रीस, रक्तदाब जास्त निघाला तर "पायाची नाडी पाहिली का?" असे डॉक्टरांस अवश्य विचारावे. त्यात संकोच नको. आमच्या डॉक्टरांसही हा प्रश्न विचारावा.

आमचा संकल्प

आमच्या केसपेपरची मांडणी आता बदलण्यात आली आहे. दोन्ही दंडांवरील रक्तदाब आणि चारही अंगांच्या नाड्या यांसाठी स्वतंत्र रकाने छापले आहेत. घोट्याजवळचा रक्तदाब मोजणारे हातात मावणारे डॉप्लर यंत्र घेण्याचा मानस आहे. पायाचा रक्तदाब दंडाच्या तुलनेत ०.९ पटीहून कमी भरला तर धमनी अरुंद झाल्याचे समजते; या तपासणीस सुई लागत नाही की रक्त काढावे लागत नाही. पाय अथवा बोट कापावे लागलेल्या प्रत्येक रुग्णाची हकिकत लिहून ठेवून, तो प्रथम कोठे गेला, किती दिवस गेले आणि काय चुकले, याचा आढावा आम्ही घेणार आहोत. ज्यांत दोष आमचा असेल तेथे तसे लिहिले जाईल.

सभेतील त्या ज्येष्ठ देणगीदारांस आमचे उत्तर एवढेच, की औषध एका रुग्णाचा आजार हटविते. प्रामाणिक नोंद पुढच्या रुग्णाचा आजार वेळेवर ओळखविते. दोन्हींसाठी पैसा लागतो आणि दोन्ही गरिबाच्याच उपयोगाच्या आहेत. त्यांच्या प्रश्नामुळे आम्हांस हा विचार नीट मांडता आला, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत, आणि अशीच रोखठोक विचारणा आपण सर्वांनी पुढेही करीत राहावी, अशी नम्र विनंती करतो.